नानांची बैठक

१२ जुलै

चि. लंबूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. दालनात नव्या प्रदर्शनाची धांदल आहे. आमच्या विद्यापीठाच्या कलादालनात यंदा फक्त माणसांची चित्रं लावायची आहेत; आजचे चित्रकार माणसाकडे, त्याच्या शरीराकडे कसे बघतात, असा विषय. गेल्या वर्षी नुसते रंगांचे पट्टे होते, तेव्हा तू विचारलं होतंस की चित्र उलटं टांगलं तर कुणाला कळेल का. यंदा कळेल. डोकं वर, पाय खाली. निदान तेवढ्यासाठी तरी ये.

माझं काम तुला ठाऊकच आहे. आलेली खोकी उघडायची, रंगाचा कुठे पोपडा सुटलाय का ते पाहायचं, आणि मग भिंतींवर मांडणी करायची. परवा आमच्याच कला विभागातल्या चित्रकार बाईंचं एक मोठं चित्र आलं. माझ्याहून उंच. मी खालच्या बाजूने कागद सोडवत गेले. आधी पावलं दिसली, टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. मला हसूच आलं. म्हटलं, हा गडी आपल्या नानांसारखा बसल्या जागी सावधान झालाय. मग गुडघा दिसला, आणि त्यावरचा तो वाकडा व्रण, नाना शाळेच्या मैदानात पडले होते तेव्हाचा. तिथे हसू थांबलं. लंबू, ते नानाच आहेत. अर्ध्या शहराला ज्यांनी कवायत शिकवली ते आपले ड्रिल मास्तर नाना लाकडी स्टुलावर बसलेत, आणि अंगावर सुताचा धागाही नाही.

मी कागद परत लावला आणि खोक्यावर बसून राहिले. दालनाचे सुतार विचारायला लागले, बाई, चित्राला काही इजा झाली आहे का? मी म्हटलं, चित्राला नाही.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. एकत्र जेवतो, शेजारपाजारच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, आणि याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. चित्रकार बाईंना मी आडून विचारलं, त्यांची मुलगी आहे हे न सांगता. तर म्हणाल्या, दोन वर्षांपासून येतात, इतका निश्चल बसणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

चित्र नाकारणं माझ्या हातात नाही. नानांना विचारायची हिंमत होत नाही. ह्यांना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले, तेव्हा त्यांचा काही उपयोग नाही. आणि तुला फोन करावा तर तो तुझ्या साहेबांच्या टेबलावर. काय करू ते लिही.

भावजयीला आणि पिल्लांना गोड गोड पापे. आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी,
ताई


२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात भट्टीसमोर उभा राहून वाचलं आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच ती भट्टी मला थंड वाटली.

हाच ना तो माणूस, जो मोजे घसरले म्हणून मला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा? पोटच्या पोराला बाकीच्यांपेक्षा एक जास्त? शाळेत मला सगळे सावधानचा पोरगा म्हणायचे, ते मी निमूट सोसलं. आता मला काय म्हणतील याचा विचार कर. तू म्हणतेस तुझ्या हातात नाही. अगं, मग कुणाच्या हातात आहे? चित्र खोक्यात आहे आणि खोक्याची किल्ली तुझ्याकडे आहे! एखादं खोकं हरवत नाही का कधी? तुमच्याकडे एवढी मोठी वखार आहे, जरा आत सरकव.

त्यात आमचे सासरेबुवा पुढच्या महिन्यात तिकडेच येणार आहेत. त्यांना तुझं दालन बघायचंय. मीच कौतुकाने सांगून ठेवलंय, आता जीभ चावतोय. बायकोला मी अजून काही बोललो नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखते की पाणी कुठेतरी मुरतंय.

मला खरी भीती वेगळीच वाटते. आई गेल्यापासून नाना एकटे आहेत. डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना? मी स्वतः आलो असतो, पण भट्टीच्या दुरुस्तीचं काम निघालंय आणि साहेबांनी रजेचा शब्दही काढायचा नाही असं बजावलंय. म्हणून नानांनाच सरळ पत्र टाकलं आहे. जरा कडक झालं असेल.

भाऊजींना नमस्कार, आणि हसू आवरायला सांग.
तुझा,
लंबू


२६ जुलै

चि. लंबूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अधोरेखित शब्द फार आहेत. आवाज न चढवता लिहायला शिक. माझं अक्षर बारीक आलं आहे, भिंग घेऊन वाच.

तू विचारलंस, डोकं ठिकाणावर आहे का. आहे. घडलं ते असं. तुझी आई गेल्यावर घरात बसवेना, म्हणून मी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाऊ लागलो. कला विभागासमोर एक बाक आहे. तिथे बसत असे. एक दिवस चित्रकार बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मी खिडकीतून रोज तुमचं चित्र काढते आहे, तुम्ही मुळीच हलत नाही, आत येऊन बसाल का? मी म्हटलं, न हलणं हाच माझा विषय आहे, जन्मभर तोच शिकवला. पुष्कळ दिवस कपड्यांतच बसलो. मग त्यांनी विचारलं, पण आग्रह केला नाही. मी आठवडाभर विचार केला. डॉक्टर सांगतात तेव्हा आपण मुकाट्याने कपडे काढतोच, आणि ते तर घटकाभर बघतात नि पुढचा पेशंट बोलावतात. मग इथे काय बिघडलं?

हल्ली माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस काहीतरी तपासायला येतं. ताई येते ती औषधांची डबी बघते, फ्रिजमध्ये काही नासलं आहे का बघते. तू येतोस तेव्हा नळ गळतो का बघतोस. चांगलं करता. पण ही बाई दोन दोन तास माझ्याकडे बघते आणि तिला माझ्यात काहीही दुरुस्त करायचं नसतं. तिथे मला बरं वाटतं. याहून जास्त खुलासा माझ्यापाशी नाही.

ताईला कळलं आहे हे तुझ्या पत्रावरून समजलं. ती बिचारी रविवारी माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत बोलत होती, त्याचा अर्थ आता लागला. तिला त्रास देऊ नकोस. चित्र लागेल. तुझ्या सासऱ्यांना यायचं असेल तर खुशाल येऊ दे. त्यांनाही शरीर आहे.

सूनबाईंना आणि नातवंडांना आशीर्वाद. पाठ ताठ ठेवून चालत जा, पोक काढतोस.
नाना


९ ऑगस्ट

चि. लंबूस,
अ. उ. आ.

आधी सांगते की नाना या क्षणी बरे आहेत, जेवून झोपले आहेत. आता बाकीचं सांगते.

मांडणीच्या दिवशी चित्रकार बाईंनी नानांची उरलेली चित्रंही आणली. एक नव्हे, सबंध भिंत भरेल इतकी. मी त्यांना सांगून टाकलं की हे माझे वडील. त्या हसल्या, म्हणाल्या, नाक बघून मला वाटलंच होतं. मग आम्ही ती रंगवल्याच्या क्रमाने भिंतीला टेकवून ठेवली, आणि कुठलं कुठे हे ठरवायला मी लांब जाऊन उभी राहिले.

लंबू, मला ते कसं सांगावं कळत नाही. पहिल्या चित्रात नाना आपले नेहमीचे, छाती पुढे, हनुवटी वर, आता शिट्टी वाजवतील असे. पुढच्यात उजवा खांदा जरासा उतरलेला. त्याच्या पुढच्यात उजवा हात मांडीवर, आणि डाव्याने त्याचं मनगट धरलेलं. मग तो हात मांडीखाली दाबून ठेवलेला. आणि चेहरा. आधीच्या चित्रांत कपाळावर आठी आहे, ओठाच्या कोपऱ्यात ते मिस्कील काहीतरी आहे. शेवटाकडे चेहरा नुसता गुळगुळीत होत गेलाय, जणू कुणी आतून दिवा बारीक केलाय. मोठं चित्र शेवटचं. मी खोकं उघडलं तेव्हा मला फक्त कपडे नाहीत तेवढं दिसलं होतं.

मी बाईंवर ओरडले. सगळ्यांदेखत ओरडले, की तुम्हाला दिसत होतं तर बोलला का नाहीत. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, मी विचारलं होतं, घरी माहीत आहे का, तर ते म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे. दर रविवारी समोर बसून जेवले मी. ते हळू जेवतात, तर म्हटलं वय झालं. हसत नाहीत, तर म्हटलं आईची आठवण येते. सगळ्याला माझ्याकडे कारण तयार होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नानांना बोटांची उघडझाप करायला लावली, दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला लावलं. चालताना उजवा हात हलतच नव्हता. ज्या माणसाने हजारो पोरांना हात हलवत चालायला शिकवलं त्याचा हात लाकडासारखा लोंबत होता. कंपवात आहे म्हणाले. औषधाने थरथर थोडी आवरेल, पण रोग जिथे जायचा तिथे जाणारच, फक्त सावकाश जाईल. कधीपासून आहे असं विचारल्यावर नाना म्हणाले, अलीकडेच.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं आणि नानांनीच माझी समजूत काढली. मग म्हणाले, बाईंना सांगू नकोस हं, त्या मला बसू देणार नाहीत.

मला काहीच सुचत नाही रे. तू लिही, काहीही लिही.
ताई


१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून नानांचं पत्र परत काढलं. अक्षर बघ म्हणून सांगणार होतो, पण तुझ्याकडे ते पत्र नाही. पहिली ओळ जराशी बारीक, आणि खाली खाली येताना मुंग्या. त्यांनी भिंग घे म्हणून लिहिलं आणि मी ते थट्टेवारी नेलं. त्यांच्या पत्राला उलट उत्तरही लिहिलं होतं, तावातावाने. ते टाकलं नाही एवढं नशीब.

साहेबांना भेटलो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, वडील आजारी म्हणजे अत्यवस्थ आहेत का? मी म्हटलं, नाही, हळूहळू होणार आहेत. ते म्हणाले, मग भट्टी सुरू झाली की जा. इथे यंत्र कुरकुरलं की मला नुसत्या आवाजावरून कळतं कुठे बिघडलंय. रात्रंदिवस मी तेच करतो. आणि नानांच्या बाबतीत मी त्यांच्या घरचा नळ दुरुस्त करून परत आलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणते, त्यांना इकडेच आणू. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि इथल्या धुराने धडधाकट माणसं खोकतात. मग ती म्हणाली, तर आपण तिकडे जाऊ. नोकरी? तिथे येऊन गाडं अडलं.

सासऱ्यांना मीच सांगून टाकलं. ते जरा वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, हिंमतवान आहेत. अजिबात अपेक्षा नव्हती.

नानांना बसायचं तर बसू दे, ताई. चित्र लाव. माझं आधीचं पत्र फाडून टाक. औषध सुरू झालं का, फरक पडला का, ते उलट टपाली कळव.
लंबू


२ सप्टेंबर

चि. लंबूस,
अ. उ. आ.

तू चित्र लाव म्हणालास. लावलं, आणि उतरवलंही. ऐक.

उद्घाटनाला नाना आले नाहीत. गर्दीत हात जास्त थरथरतो म्हणून त्यांनी बंदच्या दिवशी, सगळं शांत असताना, बघायचं ठरवलं होतं. पुष्कळ लोक आले. नानांचे जुने विद्यार्थीही आले. काही जण चित्रासमोर येऊन घसा खाकरून पुढे गेले, एका टकल्या गृहस्थांनी मात्र डोळे पुसले. तोवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी नानांच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आले. ते तिथून थेट कुलसचिवांकडे गेले आणि तक्रार करून आले, की एका शिक्षकाची अशी विटंबना विद्यापीठाने करावी काय. झालं. मोठं चित्र काढा, बाकीची राहू द्या, असा निरोप आला. आमचे संचालक तसे सज्जन, पण कुलसचिवांचं नाव निघालं की त्यांचा कणा मेणाचा होतो. मी भांडले. म्हटलं, ज्यांची विटंबना झाली म्हणता त्यांना तरी विचारा. ते म्हणाले, बाई, तुमचे वडील आहेत, तुम्ही यात पडू नका, बरं दिसत नाही. म्हणजे मुलगी म्हणूनही तोंड बंद, नोकर म्हणूनही.

चित्रकार बाई म्हणाल्या, लागतील तर सगळी, नाहीतर एकही नाही. मग सगळी उतरवली. कुणी? मीच. माझं कामच ते. सुतार शिडी धरून उभे होते.

आणि ठरल्याप्रमाणे सोमवारी नाना आले. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. मोकळी भिंत बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुख्याध्यापकांचं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते नुसते म्हणाले, पूर्वीपासूनच भित्रा आहे तो. मग विचारलं, आहेत कुठे चित्रं?

मागच्या खोलीत पॅकिंग व्हायचं होतं. मी ती पुन्हा भिंतीला ओळीने लावली. खाली, जमिनीवर. नाना कवायतीची रांग तपासावी तसे एकेकासमोर थांबत गेले. पहिल्यासमोर मान हलवली. दुसऱ्यासमोर जरा पुढे वाकले. हाताच्या चित्रासमोर त्यांनी स्वतःचा हात खिशात घातला. मी मागे मागे चालत होते. शेवटच्या, मोठ्या चित्रासमोर खूप वेळ उभे राहिले. अंगावर कपडे नाहीत याचं त्यांना काहीच नव्हतं. पायांपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाले, हा पडणार.

मी म्हटलं, नाही हो नाना, औषध सुरू आहे. ते म्हणाले, मी पोरांना उभं राहताना बघितलंय गं, आधीच कळतं मला, कुठला पोरगा उन्हात चक्कर येऊन पडणार ते. धावून जाऊन धरायचो.

ते चित्रातल्या माणसाकडे बघत उभे होते, मी त्यांच्याकडे. त्या खोलीत धरायला जाण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी ते घरी पडले, मोरीच्या दारात. मोडलं काही नाही, कपाळाला टाके आहेत. त्यांना आता इथे माझ्याकडे आणलं आहे. कसेही कर, पण थोडे दिवस ये.
ताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. भट्टी व्यवस्थित चालू आहे, साहेबांनी तोंड वाकडं केलं नाही. पिल्लांनी तू दिलेले रंग भिंतीला फासून घराचं कलादालन केलं आहे.

माझी सकाळची गाडी चुकली हे कळल्यावर तू संध्याकाळी एवढी बोललीस, तेव्हा मी टॅक्सीवर ढकललं. टॅक्सी वेळेवर आली होती. दारात उभी राहून हॉर्न वाजवत होती.

तू प्रदर्शन आवरायला पहाटेच गेली होतीस आणि भाऊजी कामावर. मी बॅग भरून दाराशी ठेवली आणि निरोप घ्यायला आत गेलो. नाना मोरीच्या बाहेर उभे होते, टॉवेल खांद्यावर. शर्टाच्या बटणांशी झटापट चालली होती. मी किती वेळ उभा होतो ते त्यांना कळलं नाही. बोट बटणापाशी जायचं, थरथरायचं, निसटायचं. मी म्हटलं, नाना, मी काढतो. ते म्हणाले, तुझी गाडी आहे. मी म्हटलं, आहे वेळ. ते म्हणाले, ताई आल्यावर करीन आंघोळ. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, तिला पाठ चोळता येत नाही नीट, ती घाबरते.

मी बूट काढले, बाह्या सरसावल्या. त्यांना स्टुलावर बसवलं. ताई, मी त्यांचा मुलगा, इतकी वर्षं एका घरात काढली, आणि मला त्यांची पाठ माहीत नव्हती. खांद्याच्या हाडांमध्ये खळगा पडलाय. मणके एकेक मोजता येतात. त्वचा इतकी पातळ की साबण लावायला भीती वाटते. मी हळू हळू हात फिरवत होतो, तर ते म्हणाले, जोर लाव, शाळेचा नकाशा पुसतोयस का? मी जोर लावला. पाण्याने हात थरथरायचा थांबला नाही, पण त्यांनी तो लपवला नाही. तसाच मांडीवर राहू दिला.

साबण कधीच निघून गेला होता. बाहेर हॉर्न वाजत होता. मी पाणी ओतायचं थांबलो की ते म्हणायचे, अजून जरा. मी पुन्हा ओतायचो. मला पुढच्या वेळची रजा कधी मिळेल ते मी सांगू शकत नव्हतो, आणि त्यांनी विचारलंही नाही. पाणी संपत आलं, तेव्हा मी बादली तिरपी केली.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या हातात खूप टाकून आलो आहे, जमेल तसं पेल. औषधाच्या वेळा पाळ, आणि पाठ चोळताना घाबरू नकोस, दुखत नाही त्यांना.
तुझाच,
लंबू